जरथुश्त्री आश्रित, डहाणू-तलासरी परिसरातील

धार्मिक छळामुळे इराण सोडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आश्रयास आलेला समाज. मध्ययुगात आलेले पारशी आणि मुख्यतः एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत आलेले इराणी, असे त्याचे दोन प्रवाह आहेत. पालघर जिल्ह्यातील (निर्मिती २०१४) डहाणू व तलासरी तालुक्यांच्या परिसराशी दोहोंचा संबंध येतो.

पारशांचे आद्य वसतिस्थान संजान (गुजरात) तलासरीपासून जवळच आहे. बहमन कैकोबाद याने सु. १५९९ मध्ये रचलेल्या किस्सा-इ-संजान या फार्सी काव्यानुसार तेथील राजाने आश्रय देताना शस्त्रत्याग, देशभाषेचा व स्त्रियांच्या देशी वेशाचा स्वीकार इ. अटी घातल्या. दुधात साखर विरघळविल्याची लोकप्रिय कथा मात्र या काव्यात नाही. पुढे संजान पडल्यावर पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोट गुंफांत बारा वर्षे जतन केला गेला, असे हे काव्य सांगते. १७४२ पासून तो उदवाडा येथे आहे.

इराणमध्ये राहिलेल्या जरथुश्त्रींना जिझिया कर व अनेक सामाजिक निर्बंध सोसावे लागत. मुंबईच्या पारशांनी निधी उभारून १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तेथे पाठविले. त्यांनी शाळा काढल्या, अग्निमंदिरांची दुरुस्ती केली व शहाच्या दरबारी सातत्याने रदबदली केली. १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. तत्पूर्वी व त्यानंतरही यझ्द व केरमान भागांतील अनेक कुटुंबे भारतात आली. काहींनी मुंबईत चहाची दुकाने काढली, तर काहींनी डहाणू, घोलवड व बोर्डी येथे फळबागा केल्या. येथील चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आश्रितांना येथे भूमी मिळाली. परंतु याच परिसरातील मूळ रहिवासी वारली सावकारी व जमीनदारी पद्धतीमुळे भूमिहीन होऊन वेठबिगारीत सापडले होते. जमीनदारांत निरनिराळ्या समाजांचे लोक होते. या पिळवणुकीविरुद्ध १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. त्यामुळे या परिसराच्या इतिहासात आश्रयदान व विस्थापन यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा व राज्यविहीन व्यक्तींविषयीचा १९५४ चा आंतरराष्ट्रीय करार हे फार नंतरचे होत. भारताने ते स्वीकारलेले नाहीत. हातरियांच्या काळी असा कोणताही करार नव्हता. साहाय्याचा भार स्वधर्मीयांच्या वर्गणीवर व यजमान भूमीच्या सहिष्णुतेवर होता.