परदेशस्थांसाठी मार्गदर्शिका : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

परदेशाविषयी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील संस्था, शिक्षण व समाजजीवन यांचा परिचय स्वदेशीयांस करून देणे हा त्याचा हेतू होता. पुढे प्रवासवर्णन हा आपल्याकडे एक लोकप्रिय वाङ्मयप्रकार बनला. परंतु परदेश कसा आहे हे सांगणे निराळे आणि परदेशी राहणाऱ्याने आपले व्यवहार कसे पार पाडावे हे सांगणे निराळे. या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाची, म्हणजे मार्गदर्शिकेची, रचना कोणत्या तत्त्वांवर व्हावी याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अशी मार्गदर्शिका आज छापील पुस्तकापेक्षा संकेतस्थळाच्या रूपानेच सिद्ध होईल हे उघड आहे. तथापि रूप बदलल्याने मूळ प्रश्न बदलत नाहीत.

असे लेखन मराठीस अगदीच अपरिचित आहे, असेही नव्हे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहावी. चक्रधरस्वामींचे वास्तव्य जेथे जेथे झाले ती स्थाने गावाच्या कोणत्या बाजूस आहेत, देवळाचे मुख कोणत्या दिशेस आहे, हे तीत नेमकेपणाने नोंदविले आहे. तेथे वर्णनाचा विलास नाही. वाचक स्वतः त्या जागी जाणार आहे हे गृहीत धरून मजकूर लिहिला आहे. मार्गदर्शिकेचे पहिले लक्षण हेच होय. प्रवासवर्णनात लेखक चालतो व वाचक पाहतो. मार्गदर्शिकेत वाचकाला चालावयाचे असते. म्हणूनच प्रवासवर्णनातील चूक वाचकाच्या ज्ञानापुरती राहते. मार्गदर्शिकेतील चूक त्याला प्रत्यक्ष भोगावी लागते.

प्रचलित मार्गदर्शिका बहुधा ज्या देशी जावयाचे त्या देशाच्या बाजूने लिहिलेल्या असतात. घर भाड्याने कसे घ्यावे, वैद्यकीय विमा कसा उतरवावा, वाहन चालविण्याचा परवाना कसा मिळवावा, हे त्यांतून कळते. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु परभणी जिल्ह्यातून परदेशी गेलेल्या मनुष्याचे अर्धे व्यवहार मागेच राहिलेले असतात. शेत सातबाऱ्यावर असते, वृद्ध आईवडील गावी असतात आणि पदवीची कागदपत्रे येथील विद्यापीठाच्या दप्तरात असतात. त्याच्या बहुतेक अडचणी या दोन टोकांच्या मध्ये उत्पन्न होतात. तेव्हा त्याच्यासाठी लिहावयाची मार्गदर्शिका दोन्ही टोकांची असली पाहिजे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गंगाखेड तालुक्यातील एक गृहस्थ नोकरीनिमित्त परदेशी आहेत. वडिलांच्या निधनानंतर वारस म्हणून त्यांचे नाव सातबाऱ्यावर लागले आहे. आता गावी असलेल्या धाकट्या भावाच्या हातून जमिनीचा एक व्यवहार नोंदवावयाचा आहे. त्यासाठी मुखत्यारपत्र लागते. ते साध्या कागदावर सही करून टपालाने पाठविल्यास दुय्यम निबंधकासमोर चालत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्याने ते नोटरी, न्यायाधीश, भारतीय वाणिज्यदूत अशा अधिकाऱ्यासमोर करून प्रमाणित करून घ्यावे लागते. पुढे ते महाराष्ट्रात प्रथम पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक लागावा लागतो. यांतील पहिली पायरी परदेशस्थाची आहे आणि दुसरी घरच्या माणसाची. पहिली पायरी सांगून थांबणारी मार्गदर्शिका भावाच्या हाती निरुपयोगी कागद देते. तोवर मुदत निघून जाते, व्यवहार अडतो आणि क्वचित भावाभावांत वितुष्टही येते.

जमिनीसंबंधी आणखी एक भेद सांगणे अवश्य आहे. अनिवासी भारतीयास शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते व ती त्यास बाळगताही येते. परंतु सर्वसाधारण परवानगीखाली ती विकत घेता येत नाही. गावी पैसे पाठवून आपल्या नावे चार एकर घ्यावे असा विचार करणाऱ्यास हे आधी कळले पाहिजे. त्याचप्रमाणे, अनिवासी झाल्यावर येथील बँकेतील साधे बचत खाते तसेच चालू न ठेवता ते अनिवासी खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. या गोष्टी तो निघण्यापूर्वी सांगितल्या तर त्यांचा उपयोग.

दुसरा प्रश्न नावांचा. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी वसमत किंवा कळमनुरी येथे जन्मलेल्याच्या जुन्या दाखल्यावर ‘जिल्हा परभणी’ असे असते आणि आजच्या पत्त्यात ‘जिल्हा हिंगोली’ असे येते. पदव्यांचेही तसेच. १९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले व परभणीतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. त्यामुळे परभणीच्या एकाच महाविद्यालयातून १९९० व २००० साली उत्तीर्ण झालेल्या दोघांची पदवीपत्रे दोन विद्यापीठांची असतात. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. आपल्याला हा इतिहास सहज समजतो. परदेशातील पदवी तपासणाऱ्या लिपिकाला मात्र ती दोन भिन्न विद्यापीठे वाटण्याचा संभव असतो. जुनी व नवी नावे, बदलाचे वर्ष आणि त्या बदलाचा शासकीय आधार यांचे एक कोष्टक मार्गदर्शिकेत असावे. ते तयार करणे परदेशातील कोणाही लेखकास साधणार नाही. ते काम येथेच होऊ शकते.

तिसरा प्रश्न काळाचा. कागदपत्रे परदेशात ग्राह्य ठरावीत म्हणून अपॉस्टिल नावाचे प्रमाणन घेण्याची सोय हेग येथील १९६१ च्या करारान्वये झाली. भारत त्यात २००५ साली सामील झाला. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्या तारखेपूर्वी कॅनडासंबंधी लिहिलेली वकिलातीच्या प्रमाणनाची सूचना लिहिताना अचूक होती. त्या तारखेनंतर तीच सूचना वाचकाला अनावश्यक खर्चात पाडू लागली. जुना शोधनिबंध कालबाह्य झाला तरी त्याला इतिहासाचे मूल्य उरते. जुनी सूचना मात्र खरी भासत राहते, आणि धोका आहे तो तेथेच.

यावरून प्रत्येक नोंदीचे चार घटक निश्चित करता येतील. नोंद कोणासाठी आहे, म्हणजे विद्यार्थी, नोकरदार की परदेशी नागरिकत्व घेतलेला, हे आरंभीच सांगावे. कारण एकास लागू असलेला नियम दुसऱ्यास घातक ठरू शकतो. पायऱ्या क्रमाने द्याव्यात आणि प्रत्येक पायरी परदेशस्थाची की घरच्या माणसाची ते दाखवावे. नियमाचा मूळ आधार सांगावा. शेवटी, नोंद कोणत्या दिवशी पडताळली ती तारीख द्यावी. ज्या नोंदीची पुन्हा पडताळणी होऊ शकत नाही ती काढून टाकावी. नोंदींची संख्या मोठी असणे हे भूषण नव्हे. शिवाय वकिलाचा सल्ला कोठे घेतलाच पाहिजे हेही स्पष्ट लिहावे. आपली मर्यादा सांगणारी मार्गदर्शिकाच विश्वासास पात्र होते.

नोंदींचे विषय मात्र लेखकाने कल्पनेने ठरवू नयेत. जे जाऊन आले त्यांना आणि मागे राहिलेल्या त्यांच्या कुटुंबीयांना ‘तुमचे काम कोठे अडले?’ असे विचारावे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपावीत आणि त्या शब्दांनीच नोंदीस शीर्षक द्यावे. ज्याला अडचण आहे तो कायद्याच्या परिभाषेत शोध घेत नाही. ‘भावाला सहीचा अधिकार कसा देऊ?’ असेच तो विचारतो.

परदेशातील टोक सांभाळण्यास तेथील मराठी मंडळे समर्थ आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, तर उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्य करीत आहे. गावाकडचे टोक मात्र अद्याप कोणी हाती घेतलेले दिसत नाही. भाषा, कायदा व समाजशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्यात जाऊन वरील प्रकारच्या नोंदी गोळा केल्या, तर ते क्षेत्रीय संशोधन होईल आणि त्याचे फळ घरच्या ओसरीवर कागद हातात धरून बसलेल्या माणसापर्यंत पोचेल. मात्र ते एकदा करून संपणारे काम नव्हे. दरवर्षी नव्या तुकडीने जुन्या नोंदी तपासण्याची व्यवस्था आधी करावी, आणि मगच पहिली नोंद लिहावी.