होडीत चढताना मोबाईलचं काय करायचं?



हल्ली होडीत, काठावर, जाळं विणायला बसल्यावरही हातात मोबाईल दिसतो. आपल्या कामात नजर हटली तर नुसता वेळ जात नाही. जाळं सोडताना दोरी सरसर पाण्यात जात असते. तिच्या वेढ्यात पाय अडकला तर माणूस जाळ्यासकट खाली!

मोबाईल घरी ठेवा, असं आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात तापीचं पाणी वाढल्याचा निरोप त्यावरच येतो, अडचणीत हाकही त्यावरूनच मारता येते. म्हणून काठावरच नेट बंद करा, रिंग मोठी ठेवा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये घालून खिशात टाका. घरच्यांना सांगून ठेवा, काही असेल तर मेसेज नको, सरळ फोन करा.

जाळं दुरुस्त करताना मात्र फोन दुसऱ्या खोलीत हवा. शेजारी गप्प पडलेला फोनही डोकं खातो. २०१७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी चाचणी चांगली सोडवली, ज्यांचा टेबलावर होता ते मागे पडले. आणि सगळ्यांचेच फोन सायलेंट होते! आपल्याकडे एक गाठ चुकली की आस लहानमोठा होतो, मग उसवा परत.

आता घरचं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत गावभर टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. बायकांनी आधी कबूल केलं की आम्हीच मालिका फार बघतो, मग गाडं पुढे सरकलं. (पुरुषांचं हे असंच.) पण सगळ्यांचं एकाच वेळी बंद, म्हणून पोराला "मलाच का?" म्हणायला जागा राहत नाही. बाप रील बघत बसला तर पोरगं पुस्तक कशाला उघडेल?

१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद असते, संध्याकाळी सगळे घरीच. तेवढे दोन महिने आपल्या वस्तीत सात ते साडेआठ करून बघायचं का, हा विषय पुढच्या बैठकीत घेत आहोत. भोंगा नाही, देवळाची घंटा चालेल. घरातल्या बायकांना सोबत आणा.