भर उन्हात हीटर

मे महिन्यातली दुपार, पत्र्याचं गॅरेज, आणि मेस्त्री गाडीत हात घालून हीटर पूर्ण लावतो. एसी नव्हे, हीटर! शेजारी घाम पुसणाऱ्या मालकाला वाटतं, याला ऊन लागलं की काय. नवा होज पाईप बसवलाय, ताजं कूलंट ओतलंय, टाकी काठोकाठ आहे. तरी गाडी तापतेच. टाकी भरली म्हणजे इंजिन भरलं, असं नसतं.

कूलंटला आत जायचं तर आतल्या हवेनं बाहेर पडायला हवं. पण थंड इंजिनात थर्मोस्टॅटचं दार बंद असतं. बहुतेक गाड्यांत ते 82 ते 90 अंशांच्या आसपास उघडतं, तोवर त्यामागची हवा कोंडून बसते. काही थर्मोस्टॅटना म्हणूनच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. उरलेली हवा उंच जागा धरते. अनेक गाड्यांत ही जागा म्हणजे डॅशबोर्डमागची हीटरची जाळी. मग गाडी सुरू केली की पायांच्या वर कुठेतरी खळखळ ऐकू येते, आणि काटा चढलेला असतानाही हीटरमधून थंडच वारा येतो.

गॅरेजात याला 'एअर धरली' म्हणतात. हाच शब्द शेतकऱ्याच्याही तोंडी असतो. फूट व्हॉल्व्ह गळला की विहिरीवरची मोटार नुसती फिरते, पाणी उचलत नाही. गाडीचा वॉटर पंपही त्याच जातीचा: त्याची पाती पाणी फेकतात, हवा आली की हात टेकतात. त्यात पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटींहून जास्त वेगानं वाहते. त्यामुळे सिलिंडर हेडच्या ज्या कोपऱ्यात बुडबुडा अडकतो, तो कोपरा भाजून निघतो. सेन्सर नेमका त्या बुडबुड्यात सापडला, तर काटा निवांत आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकायच्या बेतात, असा घातकी प्रकार होतो.

हवा काढायची ती थंड इंजिनातून. गाडीचं नाक चढावर ठेवायचं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच येतं. हीटर गरमवर ठेवायचा, कारण कित्येक जुन्या गाड्यांत हीटरकडची वाट झडपेनं बंद होते. कूलंट सावकाश ओतायचं. हवेचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत, अखंड धार येईपर्यंत वाट बघायची. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन चालवायचं आणि वरचा होज पाईप मधूनमधून दाबायचा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढी भर घालायची. हीटरमधून गरम वारा आला, की कूलंट तिथवर पोचलं.

तापलेल्या गाडीचं झाकण मात्र उघडायचं नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि सगळं क्षणात उसळतं. ओलं फडकं हातात घेऊन घाटात हा पराक्रम करणारे आजही भेटतात.

टाकी उंचावर आणि इंजिन-रेडिएटर शेजारी असतील, तर गाडी आपली हवा आपणच बरीचशी काढते. खरी परीक्षा पोर्शे 911सारख्या गाडीत. या गाडीची इंजिनं 1998पर्यंत हवेनं थंड होत, त्यामुळे ही भानगडच नव्हती. पाणी आलं, पण इंजिन मागेच राहिलं, रेडिएटर पुढे गेले आणि लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून धावल्या. अशा वेळी कॉम्प्रेसरच्या जोरावर आतली हवा आधी ओढून घेतात आणि त्या निर्वातात कूलंट आपोआप खेचलं जातं. निर्वात टिकला नाही, तर गळती आहे हेही तिथेच कळतं. बीएमडब्ल्यूच्या एन52 इंजिनाचा वॉटर पंप विजेवर चालतो. त्यात इंजिन बंद ठेवून, इग्निशन चालू करून, हीटर कमाल तापमानावर आणि पंखा कमी वेगावर ठेवून ॲक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरला, की पंप सुमारे 12 मिनिटं एकटाच फिरून हवा हुसकतो.

कधीकधी तासभर झाला तरी बुडबुडे थांबतच नाहीत. तेव्हा हेड गॅस्केटकडे बघायचं, कारण सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असू शकतो. तपासणीच्या नळीतलं निळं द्रव्य पिवळं पडलं, की हेड उतरवावंच लागतं. तसं नसेल, तर रात्रभर गाडी थंड होऊ द्यायची. सकाळी झाकण उघडल्यावर पातळी बोटभर खाली गेलेली असते, तेवढं कूलंट ओतायचं. सांडलेलं लगेच पुसायचं. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि गॅरेजातल्या कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं.