पडद्यावरील विद्या: प्रेय आणि श्रेय

व्याख्यान आवडले म्हणजे विषय आला, अशी समजूत हल्ली पुष्कळ घरांत रूढ झाली आहे. आमच्या जामसंडे गावी ओटीवर बसून मुलास मद्रासच्या वा मुंबईच्या नामांकित अध्यापकांची व्याख्याने ऐकता येतात, ही सोय खरोखर अपूर्व होय. आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये 'एन.पी.टी.ई.एल.' हा उपक्रम आरंभिला; केंद्र सरकारने २०१७ च्या जुलैत 'स्वयम्' सुरू केले. २०२१ च्या नियमांन्वये सत्रातील शेकडा ४० पर्यंत विषय 'स्वयम्'वरून पुरे करण्याची मुभा विद्यापीठास देता येते. तेव्हा हा प्रश्न आता थेट पदवीचा आहे.

या साधनाचे मोल कोकणास ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीने घरी रेंज मिळेना म्हणून डोंगरावर झोपडी उभारली आणि पावसाळ्यात तेथे बसून पशुवैद्यकाचा अभ्यास चालविला. सुखसोय कसलीच नव्हती. तरी अभ्यासास तिने खंड पडू दिला नाही. यावरून सोय आणि अध्ययन या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

२०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही हेच सांगतो. पदार्थविज्ञानाच्या काही विद्यार्थ्यांनी सफाईदार व्याख्यान ऐकले. इतरांनी तोच भाग स्वतः उदाहरणे सोडवून अभ्यासिला. आपण अधिक शिकलो, असे श्रोत्यांस वाटले. चाचणीत मात्र उदाहरणे सोडविणारेच सरस ठरले. प्रयोग वर्गातला खरा, परंतु पडद्यास तो अधिकच लागू पडतो. ओघवते भाषण ऐकताना समजल्याचा भास होतो. डोके शिणले की आपणांस काही येत नाही असे वाटते. वस्तुतः तो शीणच विद्येची खूण असतो.

कठोपनिषदात यमधर्माने नचिकेतास श्रेय व प्रेय यांतील भेद सांगितला आहे, तो येथे ध्यानी घ्यावा. आपल्या वेदपाठशाळांत नुसत्या श्रवणावर कोणी थांबत नसे. गुरूने संथा द्यावी, शिष्याने ती म्हणून दाखवावी; पुढे पद, क्रम, जटा, घन असे पाठ करावे, हीच रीत होती.

म्हणून वडीलधाऱ्यांनी मुलास "समजले का?" असे न विचारता "सांग पाहू" असे म्हणावे. व्याख्यान संपताच मोबाइल मिटून मुलाने आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावे, मग ताडून पाहावे. एन.पी.टी.ई.एल.च्या प्रमाणपत्रात आठवड्याच्या स्वाध्यायांस शेकडा २५ व केंद्रावरील परीक्षेस शेकडा ७५ गुण असतात. स्वाध्याय दुसऱ्याचे उतरवून काढले, तर परीक्षेच्या दिवशी ते उघडे पडते.

एकत्र कुटुंबात ऐकणाऱ्यांची वाण नाही. नातवाने आजीस सोप्या मराठीत विषय समजावून सांगावा, ती जेथे "म्हणजे काय रे?" म्हणून अडवील, तेथूनच त्याने पुन्हा वाचावयास लागावे.