काउंटी उद्यानातील मुक्काम आणि ग्रामीण इतिहासाचे दर्शन

अमेरिकेत चाकांवरील घर बरोबर घेऊन प्रवास करण्याची पद्धती रूढ आहे. अशा वाहनास संक्षेपाने ‘आर. व्ही.’ म्हणतात. काही वाहने स्वयंचलित असतात, तर काही मोटारीमागे जोडून ओढून न्यावी लागतात. असे प्रवासी जेथे उतरतात त्याच उद्यानात ग्रामीण इतिहासाचे संग्रहालय असल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात आयोवा राज्यातील स्कॉट काउंटी उद्यानाच्या आधारे केला आहे.

काउंटी म्हणजे राज्यांतर्गत, आपल्या जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल असा प्रशासकीय घटक होय. आयोवातील १९५५ च्या कायद्याने काउंटींना मतदारांच्या संमतीने पाच सदस्यांचे संवर्धन मंडळ स्थापण्याची मुभा मिळाली. डॅव्हनपोर्ट शहराच्या उत्तरेकडील हे उद्यान अशाच मंडळाकडे आहे. त्यामुळे मुक्कामाच्या जागा, गोल्फचे मैदान व जुन्या इमारती यांचा कारभार एकाच यंत्रणेकडे येतो.

अशा मुक्कामाचे तंत्र साधे आहे. ठरलेल्या जागी वाहन उभे करून ते ३० किंवा ५० अँपिअरच्या वीजजोडणीस जोडतात. न्हाणी-मोरीचे पाणी व शौचालयातील मैला वाहनाखालील निरनिराळ्या टाक्यांत साठतो आणि निघताना नेमलेल्या ठिकाणी रिता केला जातो. (संग्रहालयावरील लेखात मैल्याचा उल्लेख विचित्र वाटेल, परंतु या सोयीवाचून मुक्काम लांबत नाही.) मुक्काम लांबला की केवळ तळ्यासाठी वा झाडीसाठी आलेले कुटुंबही सायंकाळी पायी फिरत जुन्या गावात पोहोचते. इतिहासाची मुद्दाम ओढ नसलेला हा प्रेक्षक कोणत्याही संग्रहालयास सहसा लाभत नाही.

हे जुने गाव म्हणजे ‘वॉलनट ग्रोव्ह पायोनिअर व्हिलेज’. १८६० च्या दशकात येथे चौरस्त्यावरील लहान वस्ती होती. आज सुमारे तीन एकरांत दीड डझनाच्या आसपास इमारती असून त्यांत लोहारशाळा, शाळा, बँक व सेंट ॲन चर्च यांचा समावेश होतो. काही वास्तू काउंटीतील अन्य ठिकाणांहून हलवून आणल्या आहेत. वास्तू वाचली, परंतु तिचे मूळच्या शेताशी, रस्त्याशी व शेजाराशी असलेले नाते तुटले. जी घरे जमिनीत रुजलेली मानावीत तीही येथे प्रवास करूनच आली आहेत, ही गोष्ट चाकांवरील घरात राहणाऱ्यास तरी जाणवावी.

याहून गंभीर प्रश्न ‘पायोनिअर’ या शब्दाचा आहे. आद्य वसाहतकार असा अर्थ असलेल्या या शब्दामुळे गावाचा इतिहास त्यांच्या आगमनापासून सुरू झाल्याचा समज होतो. वस्तुतः ब्लॅक हॉकच्या नेतृत्वाखालील युद्धानंतर २१ सप्टेंबर १८३२ रोजी, आज जेथे डॅव्हनपोर्ट आहे तेथेच, सॉक व मेस्क्वाकी जमातींकडून सुमारे ६० लाख एकर भूमी कराराने घेण्यात आली. सरकारपक्षाच्या वाटाघाटी करणाऱ्यांत जनरल विनफिल्ड स्कॉट होते. काउंटीला नाव त्यांचेच आहे. म्हणजे लोहारशाळेपूर्वी उणीपुरी तीस वर्षे येथील जमिनीचा स्वामी बदलला होता. मुक्कामास आलेल्या मुलांना भाता दाखवताना हा करार सांगितला नाही, तर त्यांना ग्रामीण जीवन दिसेल, ग्रामीण इतिहास दिसणार नाही.

मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये आयोवातच टामा काउंटीत ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली. उद्यानापासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावरील त्यांची ती वसाहत पुढे विस्तारली आणि आजही नांदती आहे.