ओसरलेला झटका हा इशाराच!

‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हणतात, त्यालाच अर्धांगवायू, लकवा किंवा पक्षाघात ही नावे आहेत. याचा वाऱ्याशी काही संबंध नसतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद पडते किंवा फुटते आणि मेंदूच्या त्या भागाचे काम थांबते. हा रोग अचानक येतो हे खरे. पण काही रुग्णांना तो आधी सूचना देतो.

समजा, सकाळी चहा पिताना उजव्या हातातून कप निसटतो. जीभ जड होते, शब्द फुटत नाही. घरचे हात चोळतात, कांदा हुंगवतात. पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. ‘पित्त झाले असेल’ म्हणून मंडळी कामाला लागतात. वास्तविक गुठळी अडकली आणि सुदैवाने विरघळली, एवढेच घडलेले असते. गुठळी जिथून आली ते कारण तसेच राहते. उपचार न झाल्यास अशा शंभरातील सुमारे दहा जणांना पुढील तीन महिन्यांत खरा झटका येतो आणि त्यांतील निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत! म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळीच उपचार सुरू केल्यास हा धोका पुष्कळच कमी होतो.

ओळखायचे कसे? तीन गोष्टी कोणालाही तपासता येतात.

१) रुग्णाला दात दाखवून हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?

२) डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का?

३) एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. बोबडे किंवा असंबद्ध बोलतो का?

यांपैकी एकही खूण एकाएकी दिसली तर धोका समजावा. एकाएकी एका डोळ्यापुढे अंधार येणे, तोल जाणे, एक वस्तू दोन दिसणे, पूर्वी कधी न झालेली असह्य डोकेदुखी हीही लक्षणे आहेत.

यानंतर घड्याळ पाहावे. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लिहून ठेवावी. झोपेतून उठताना त्रास दिसला तर झोपण्याची वेळ धरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेव्हापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; जितके लवकर, तितका गुण अधिक. त्याआधी सीटी स्कॅन आवश्यक असतो, म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून ही सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जावे. साडेचार तास उलटले तरी घरी थांबू नये. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी तारेने काढण्याचा उपचार काही रुग्णांना चोवीस तासांपर्यंतही करता येतो.

या वेळी काय करू नये, तेही सांगतो. रुग्णाला पाणी, चहा, औषध काहीही पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर झोपवावे. रक्तदाब उतरवण्यासाठी मनानेच गोळी देऊ नये. ॲस्पिरिनही देऊ नये. रक्तस्राव झाला असेल तर ती घातक ठरते आणि हा भेद स्कॅनशिवाय कळत नाही. तेलमालीश, कबुतराचे रक्त, मंत्र-दोरे यांत मोलाचे तास वाया जातात.

उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-मिश्री-बिडी आणि हृदयाचे अनियमित ठोके ही या रोगाची मुख्य कारणे आहेत. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे अनेक आहेत. वाचकहो, रक्तदाब आटोक्यात असतो तो गोळीमुळे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. वर सांगितलेल्या तीन खुणा घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा. दुपारी आजी-आजोबांजवळ पुष्कळदा तीच असतात.