जादूच्या जगांतील भविष्यवाणी

इंग्रज लेखिका जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरविषयींच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या काळांत प्रसिद्ध झाल्या. त्यांचीं मराठी भाषांतरेंही झालीं असून पुष्कळ घरांतून तीं नातवंडांच्या हातीं दिसतात. जादूगारांच्या पोरांची गोष्ट म्हणून वडील मंडळी तिकडे सहसा वळत नाहींत. परंतु तींतील भविष्यकथनाचा भाग पुराणें वाचलेल्या मनुष्यास परका वाटणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या गोष्टींतील हॉग्वर्ट्स नांवाच्या शाळेंत भविष्यकथन हा एक विषयच आहे. तो शिकविणारी सिबिल ट्रेलॉनी ही बाई एका प्रसिद्ध द्रष्टीची पणतीची मुलगी. मनोऱ्याच्या माथ्यावरील धुपट खोलींत ती मुलांना चहाच्या पेल्यांतील चोथा पाहून फल वर्तविण्यास शिकविते, आणि दरवर्षीं एका विद्यार्थ्याचें मरण भाकीत करिते. मुलें खुशाल जिवंत राहतात! मास्तरकीचा धंदा केलेल्या आम्हांस तिची कींव येते. कारण तिला खरी वाणीही स्फुरते. पण ती समाधींत, आणि शुद्धीवर आल्यावर तिला त्यांतलें अक्षरही आठवत नाहीं. ज्या विद्येचा ती डांगोरा पिटते ती तिच्यापाशीं नाहीं. जी आहे तिची तिला वार्ता नाहीं.

ती या नोकरीसाठीं मुख्याध्यापक डंबलडोर यांना एका खाणावळींत भेटली असतां तिच्या मुखांतून पहिली खरी वाणी निघाली. जुलै सरतां सरतां जन्मणारें एक बालक दुष्ट जादूगार वोल्डेमॉर्ट याचा पाडाव करण्यास समर्थ होईल, आणि तो स्वतःच त्या बालकास आपल्या तोडीचा म्हणून खूण करील, असा तिचा आशय. दाराशीं कान देणाऱ्या स्नेपनें पूर्वार्धच ऐकिला व धन्याला जाऊन सांगितला. खूण करण्याची गोष्ट उत्तरार्धांत राहिली. वर्णन हॅरी व नेव्हिल या दोन बालकांस लागू होतें. वोल्डेमॉर्टनें हॅरीस निवडिलें, ३१ ऑक्टोबर १९८१ च्या रात्रीं त्याच्या आईबापांस मारिलें. पण आईच्या आत्मत्यागामुळें शाप उलटला आणि मुलाच्या कपाळीं व्रण राहिला. म्हणजे खूण झाली, आणि ती त्याच्याच हातून.

येथें कंसाची आठवण न होणें अशक्य. देवकीच्या वरातींत आकाशवाणी झाली आणि त्यानें बहिणीवरच खड्ग उपसलें. परंतु एक भेद आहे. भागवतांत भगवंतांचा अवतार व्हावयाचा ठरलेलाच होता; आकाशवाणी ही केवळ वर्दी. कंस स्वस्थ बसता तरी कृष्ण जन्मलाच असता. उलट, वोल्डेमॉर्टनें दुर्लक्ष केलें असतें तर त्या शब्दांस कांहींच अर्थ राहिला नसता, असें डंबलडोर सहाव्या पुस्तकांत (२००५) हॅरीस समजावितात. जादूमंत्रालयाच्या दालनांत काचेच्या गोळ्यांतून जपलेल्या सर्वच वाण्या खऱ्या झाल्या नाहींत, हेंही सांगतात. वाणीस बळ आलें तें ऐकणाराच्या भयानें.

हें वाचतांना आम्हांस आपल्याकडील मंगळाच्या मुली आठवल्या. पत्रिकेंतील एका ग्रहावरून चांगलें स्थळ परत जातें, वय वाढतें, मुलगी घरांत अबोल होते. आणि मग शेजारी म्हणतात, पाहा, पत्रिका खरी ठरली. ग्रहानें यांत काय केलें, हें सांगण्यास कोणी ज्योतिषी पुढें येत नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दैवज्ञाच्या अंगीं कोणते गुण असावेत हें आरंभींच विस्तारानें लिहिलें. ऐकणाराच्या गुणांचीही एक यादी द्यावयास हवी होती!

ट्रेलॉनीबाईंस काढल्यावर कांहीं दिवस तो वर्ग फिरेन्झ्झ नामक अश्वमानव घेतो. वर्षानुवर्षें तारे पाहूनही आमची जात चुकते, असें तो मुलांना उघड सांगतो. असा गुरु आम्हांस फार आवडला.

आणि तो दुसरा मुलगा, नेव्हिल? आजीच्या धाकांत वाढलेला, विसराळू, वर्गांत नेहमीं मागें. ज्या सर्पिणींत वोल्डेमॉर्टच्या आत्म्याचा अंश दडविलेला होता, तिचें शिर शेवटच्या लढाईंत त्यानेंच तलवारीनें उडविलें. त्याचें भाकीत कोणींही केलें नव्हतें.